इंग्रजी कच्चं आहे, तरी स्पॅनिश शिकू का? आणि शिकून माझ्यात काय बदलेल?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातली, पुण्यात बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जूनपासून स्पॅनिशचा वर्ग लावायचा विचार आहे. मैत्रिणी म्हणतात, आधी इंग्रजी सुधार. वडील शेती करतात, सोयाबीन असतं. ते म्हणतात, त्याने होणार काय? नोकरीबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. मला हे विचारायचंय की ती भाषा आणि तिथली संस्कृती शिकून विद्यार्थी म्हणून, माणूस म्हणून माझ्यात खरंच काही बदल होईल का?

उत्तर :

इंग्रजीपासून सुरुवात करते, कारण आधी ती भीती जायला हवी. मी चोवीस वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवते आहे. मधली काही वर्षं कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणूनही काम केलं. इंग्रजी कच्चं म्हणून स्पॅनिश अडलं असा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. इंग्रजीतून विचार करायची सवय लागली म्हणून अडलेले मात्र दर वर्षी दोन-चार असतात.

का ते सांगते. स्पॅनिशमध्ये ‘मला कॉफी आवडते’ हे ‘मे गुस्ता एल काफे’ असं म्हणतात. ‘मे’ म्हणजे ‘मला’. वाक्याचा कर्ता कॉफी, मी नव्हे. कॉफीऐवजी पुस्तकं आली की क्रियापद बदलतं, ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, जसं आपण ‘आवडते’चं ‘आवडतात’ करतो. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी इथे महिनाभर ठेचकाळतो, कारण त्याच्या डोक्यात ‘मी आवडतो कॉफी’ असा साचा बसलेला असतो. मराठीतून येणाऱ्या मुलीला मी एवढंच सांगते, ‘तू घरी जसं म्हणतेस तसंच म्हण.’ दहा मिनिटांत धडा संपतो.

उच्चारांचंही तसंच. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखे दंत्य, प-त-क हवा न सोडता म्हणायचे, स्वर पाचच आणि स्वच्छ. हे सगळं तुझ्या तोंडात आधीच आहे. जे नाही तेही सांगायला हवं, नाहीतर मी फसवल्यासारखं होईल. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘आब्लो’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिलास तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिलास तर ‘तो बोलला’. आपल्या कानाला हा फरक ऐकू यायला तीन-चार महिने लागतात आणि ते मोठ्याने वाचूनच जातात, दुसरा उपाय नाही. ‘आहे’साठी दोन क्रियापदं आहेत, ढोबळमानाने गुणासाठी ‘सेर’ आणि त्या वेळच्या स्थितीसाठी ‘एस्तार’. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळलाय. इथे मराठी थोडाच वेळ हात धरते. मेलेल्या माणसासाठी ‘एस्तार’ का, हे विचारत मुलं दर वर्षी माझ्याकडे येतात आणि दर वर्षी मी पुन्हा त्यावर विचार करते.

आता मुख्य गोष्ट. तू विचारलंस काय बदलतं. माझं उत्तर असं की आपल्या आणि जगाच्या मध्ये उभा असलेला एक माणूस बाजूला होतो. आपण परदेश म्हणून जे काही ओळखतो ते जवळपास सगळं इंग्रजीतून आलेलं असतं. बातम्या, पुस्तकं, सिनेमांच्या पाट्या, अगदी ‘संस्कृती’ म्हणजे काय याची कल्पनासुद्धा. हा मधला माणूस वाईट नाही, पण तो त्याच्या सोयीनं सांगतो. विशीच्या आसपास, कॉलेजात असताना, एकदा तरी त्याच्याशिवाय एखाद्या देशाकडे बघायला मिळालं तर त्या मुलामुलींची प्रश्न विचारायची रीतच बदलते. आणि ते करताना मराठी हाताशी लागते, कारण इंग्रजी बाजूला केल्यावर तुलनेला दुसरं उरतं काय?

याचा सगळ्यात जवळून घेतलेला अनुभव वर्गातला नाही, कारखान्यातला आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात स्पेनहून आलेलं यंत्र बसवायचं काम चालू होतं. एका कामगाराच्या हातून मोजमापाचं एक गेज पडलं आणि बिघडलं. महागाची वस्तू. तो सारखं म्हणत होता, ‘हातातून सुटलं हो.’ ऑफिसातल्या एकाने ते इंग्रजीत सांगितलं, त्याने ते टाकलं अशा अर्थाने. स्पॅनिश इंजिनिअरचं इंग्रजी बेताचं. त्याला ते ‘लो तिरो’ असं ऐकू आलं, म्हणजे ‘त्याने फेकलं.’ त्याचा चेहरा लाल. मी तेव्हा पोहोचले आणि म्हटलं, ‘से ले कायो.’ शब्दशः, ‘त्याच्याकडून ते पडलं.’ पडणारी वस्तू कर्ता, माणूस फक्त ज्याच्या बाबतीत हे घडलं तो. इंजिनिअरने एक श्वास सोडला, कामगाराकडे बघितलं आणि खाली वाकून तुकडे गोळा करायला लागला. स्पॅनिशमध्ये हे रोजचं आहे. ग्लास पडला तर ‘से मे कायो एल बासो’, ‘माझ्या हातून ग्लास पडला.’ चूक आणि हेतू वेगळे ठेवायची जागा दोन्ही भाषांच्या व्याकरणातच आहे. त्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळण्यासारखं होतं, मध्ये इंग्रजी आली म्हणून ते हरवलं होतं. त्या दिवसापासून हा धडा मी पुस्तकातल्या क्रमाच्या बराच आधी शिकवते.

भूतकाळाचा धडा आला की असाच आनंद होतो. ‘फुई’ म्हणजे गेलो, ‘इबा’ म्हणजे जायचो. ‘लहानपणी आम्ही मामाकडे जायचो’ आणि ‘त्या वर्षी आम्ही मामाकडे गेलो’ यांतला फरक मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे ‘सुबखुंतिबो’ नावाचा प्रकार येतो, त्याला सगळे घाबरतात. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे.’ हे ‘यावंस’ म्हणजे शाळेत विध्यर्थ म्हणून आपण नुसतं पाठ केलेलं रूप. ‘ओखाला युएबा’ म्हणजे ‘पाऊस पडो.’ मी फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहिते तेव्हा बहुतेक मुलांना पहिल्यांदा लक्षात येतं की मराठीलाही व्याकरण आहे आणि ते अतिशय नाजूक कामं करतं. एका मुलीने मला सांगितलं होतं की त्या आठवड्यात ती आजीचं बोलणं वहीत उतरवत बसली, आजी किती प्रकारे ‘असावं’ म्हणते ते बघायला.

‘ओखाला’ हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला. त्यात ‘अल्ला’ आहे. इ.स. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागावर मुस्लिम राज्यकर्ते होते आणि भाषेत त्याच्या खुणा जागोजागी आहेत. नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात, तो मुळात आपला काजी. ‘आल्ग्वासिल’ हा कोर्टाचा बेलीफ, मुळात वजीर. ज्याचं नाव सांगायचं नाही असा कुणीतरी म्हणजे ‘फुलानो’, आणि आपण म्हणतो ‘फलाणा’, दोघांनीही तो अरबीतूनच उचलला. साखरेला ‘आसुकार’. तो शब्द अरबीतून, तिथे फारसीतून, आणि फारसीत शर्करेपासून. संत्र्याला ‘नारांखा’, त्यामागे नारिंग. बुद्धिबळाला ‘आखेद्रेस’, त्यामागे चतुरंग. हे सांगताना मी मुलांना थांबवते, कारण लगेच कुणीतरी ‘म्हणजे सगळं आपलंच’ असं म्हणतं. नाही. शब्द ज्या ज्या घरात राहिला त्या त्या घराचा झाला. इतिहासाच्या पुस्तकात आक्रमक, धर्म, राज्यं असे वेगवेगळे कप्पे असतात. शब्दाचा माग काढताना ते कप्पे टिकत नाहीत आणि हे कळायला विशीचं वय फार योग्य आहे.

आता जेवणाकडे येते, कारण संस्कृतीचा सगळ्यात चांगला तास मी कधी ठरवून घेतलेला नाही. आषाढी एकादशी होती. मधल्या सुट्टीत एका मुलाने डबा उघडला, साबुदाण्याची खिचडी. मी सहज म्हटलं, यातल्या जिनसांची नावं स्पॅनिशमध्ये सांगा. फळ्यावर यादी झाली. बटाटा, दक्षिण अमेरिकेत ‘पापा’, हा अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेतला शब्द. शेंगदाणे, मेक्सिकोत ‘काकाउआते’, नाउआत्ल भाषेतला, आणि दक्षिणेकडे ‘मानी’. मिरची, मेक्सिकोत ‘चिले’, पेरूमध्ये ‘आखी’. साबुदाणा आपल्याकडे तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, तो कसाव्याच्या कंदापासून करतात आणि त्या कंदाला तिकडे ‘युका’ म्हणतात. शेजारच्या मुलीने डब्यातलं उकडलेलं रताळं वर धरलं. तेही तिकडचंच, मेक्सिकोत ‘कामोते’. एक-एक करत सगळा उपास अटलांटिकच्या पलीकडे गेला. फळ्यावर मागे राहिलं तूप, जिरं आणि मीठ. वर्ग गप्प झाला. मग मागून एकाने विचारलं, ‘मॅडम, मग पाचशे वर्षांपूर्वी एकादशीला काय खात असतील?’ वरी, शिंगाडा, अशी चर्चा सुरू झाली आणि त्या दिवशी क्रियापदं राहूनच गेली.

त्यात राजगिरा आणखी वेगळा. तोही मूळचा तिकडचाच. अ‍ॅझ्टेक लोक, म्हणजे स्पॅनिश येण्यापूर्वीचे मेक्सिकोतले राज्यकर्ते, राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे, म्हणून स्पॅनिश धर्मोपदेशकांचा त्यावर रोष होता. आज मेक्सिकोत रस्त्यावर राजगिऱ्याच्या लाह्या आणि मध यांची वडी विकतात. तिला म्हणतात ‘आलेग्रिआ’, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर वेगळी ओळखू येणार नाही. ज्या धान्याला तिथे देवाचं म्हणून हिणवलं गेलं, ते इथे येऊन देवाच्या दिवशी चालणारं झालं. ही गोष्ट मला दर वेळी हलवते.

आणि इथूनच अवघड भाग सुरू होतो, तो टाळू नकोस. स्पॅनिश ही जिंकणाऱ्यांची भाषा म्हणून अमेरिकेत गेली. 1521 मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, आजची मेक्सिको सिटी तिच्याच जागेवर उभी आहे. ज्या भाषेत तू प्रेमाच्या कविता वाचशील त्याच भाषेत ते हुकूमही लिहिले गेले. केचुआ, नाउआत्ल, आयमारा, शेकडो भाषा मागे ढकलल्या गेल्या. काही टिकल्या. पराग्वेमध्ये ग्वारानी ही स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्राची अधिकृत भाषा आहे आणि शहरातले लोकही ती घरात बोलतात. आपल्याला हे फार लांबचं वाटतं, पण 1580 ते 1640 अशी साठ वर्षं पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता, म्हणजे तेवढा काळ गोव्यावर राज्यही त्याचंच होतं. बटाटा, तंबाखू, पगार, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांबरोबर मराठीत आले, त्यांची सख्खी भावंडं तुला स्पॅनिशमध्ये भेटतील. दार उघडताना बिजागरी आठवेल.

या भागातला एक शब्द मी कधीच घाईने शिकवत नाही. ‘देसापारेसिदो.’ शब्दकोशात अर्थ, ‘गायब झालेला, बेपत्ता.’ 1976 ते 1983 अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. माणसं घरातून उचलली जायची आणि सरकार म्हणायचं, बेपत्ता आहेत. 30 एप्रिल 1977 ला काही आया ब्युनोस आयरेसच्या प्लासा दे मायो या चौकात जमल्या. थांबायला बंदी, म्हणून त्या चालत राहिल्या. पुढे गुरुवार ठरला, डोक्याला पांढरा रुमाल ठरला. ‘देसापारेसेर’ हे क्रियापद अकर्मक आहे, गायब होणे. पण तिथल्या लोकांनी ते सकर्मक केलं, ‘लो देसापारेसिएरोन’, ‘त्याला गायब केलं.’ व्याकरणाच्या दृष्टीने आधी ही चूक होती. मी मुलांना विचारते, ‘झाला’ आणि ‘केला’ यांत काय फरक? एक मिनिट शांतता असते. मग कुणीतरी म्हणतं, ‘केला म्हटलं की कोणी, हे विचारता येतं.’ त्यानंतर त्यांचं मराठी वर्तमानपत्र वाचणंही बदलतं. ‘झाडं तोडली गेली’, ‘निधी परत गेला’ अशा वाक्यांखाली पेन्सिलने रेघ मारून आणतात.

तू मराठवाड्यातली आहेस म्हणून आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात कितीतरी मुलं आपली बोली दडवायला शिकतात. ‘लई’ गिळतात, ‘व्हय’चं ‘हो’ करतात. माझ्या वर्गात ती मुलं विचारतात, कुठली स्पॅनिश शुद्ध? स्पेनची भाषा अकादमी 1713 सालची आहे, हे खरं. पण आज स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे आणि बहुतेक बोलणारे स्पेनबाहेर आहेत. साध्या बसला स्पेनमध्ये ‘आउतोबुस’, मेक्सिकोत ‘कामिओन’, क्युबात ‘ग्वाग्वा’, ब्युनोस आयरेसमध्ये ‘कोलेक्तिबो’, चिलीत ‘मिक्रो’. आपली एसटी आणि यष्टी, तसंच. अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘तु’ म्हणतच नाहीत, ‘बोस’ म्हणतात आणि त्याची क्रियापदंही वेगळी. जुन्या व्याकरणकारांनी या रूपाला गावंढळ ठरवलं होतं. तिथल्या लोकांनी सोडलं नाही. आज ते शाळेत, कवितेत, जाहिरातीत, सगळीकडे आहे. हे एखाद्या मुलाला कळतं आणि दुसऱ्या सत्रात तो वर्गात मोकळेपणाने ‘लई’ म्हणतो, तेव्हा माझ्या दृष्टीने अर्धा अभ्यासक्रम पूर्ण झालेला असतो.

नावांचं थोडक्यात सांगते. स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांत माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं, एक आईचं. कोलंबियाचा लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्या नावातलं गार्सिया वडिलांकडून, मार्केस आईकडून. लग्नानंतर बाई सहसा आडनाव बदलत नाही. हा तास मुलींच्या वर्गात हमखास लांबतो. महाराष्ट्रात 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नोंदीत नावानंतर आधी आईचं नाव लागतं, त्यामुळे आता मुली हा विषय वेगळ्या जोरात बोलतात. पण मी त्यांना हेही सांगते की पुढच्या पिढीत आईच्या वडिलांचंच आडनाव खाली येतं. तिथेही प्रश्न संपलेला नाही.

आपल्याकडचा एक माणूस या सगळ्यात मला सतत आठवतो. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. ब्रिटिशांमुळे परत यायची वाट बंद झालेली, शेतीशास्त्र अमेरिकेत शिकलेले. 1920 च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागले. त्याच आवारात 1924 ते 1927 दरम्यान मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार डिएगो रिव्हेरा भित्तिचित्रं रंगवत होता, दोघांची मैत्री होती. खानखोज्यांनी मक्यावर संशोधन केलं, ते स्पॅनिशमध्ये लिहिलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. मका हे तिथल्या लोकांचं केवळ पीक नाही, सगळं जगणं त्याभोवती आहे. विदर्भातून गेलेला माणूस, प्रौढ वयात शिकलेल्या भाषेत, त्यांनाच मक्याबद्दल सांगतो आणि ते ऐकून घेतात. त्यासाठी नुसतं व्याकरण पुरलं नसणार. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, 1967 मध्ये नागपुरात गेले. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळते, याचं मला मनापासून दुःख होतं.

उलट दिशेने आलेलेही आहेत. व्हिसेंते फेरर हे स्पॅनिश जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मसेवक 1952 मध्ये भारतात आले आणि मनमाड परिसरात शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदत राहिले. 1968 मध्ये त्यांना देश सोडायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांच्या बाजूने शेतकरी मुंबईपर्यंत चालत गेले. पुढे ते परत येऊन आंध्रात अनंतपूरला राहिले. स्पेनमध्ये आज त्यांचं नाव घरोघरी माहीत आहे, मनमाड मात्र फारसं कुणाला माहीत नाही. स्पेनमधल्या एखाद्या माणसाशी तुझी ओळख झाली तर तिथून बोलायला सुरुवात कर.

नोकरीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी वडिलांसाठी चार वाक्यं. बी-२, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी, झाल्याशिवाय भाषेच्या जिवावर पगार मिळत नाही आणि कॉलेज सांभाळून तिथे पोहोचायला अडीच-तीन वर्षं लागतात. स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितुतो सेर्बान्तेस जी देले परीक्षा घेतं तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं, म्हणून पैसे खर्च करायचे तर त्यावर कर. साधी कागदपत्रं आता यंत्र भाषांतरित करतं, त्यामुळे नुसती भाषा येणारा माणूस कमी लागतो. भाषा अधिक दुसरा एखादा विषय पक्का येणारा लागतो. तुझ्याकडे तो विषय आहे.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. भाषा आपोआप कुणाला शहाणं करत नाही. सी-१ या पाचव्या पातळीपर्यंत गेलेले आणि तिथल्या लोकांबद्दल एकही प्रश्न न पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. फ्लामेंको, बैलांच्या झुंजी, फुटबॉल यांच्या पलीकडे त्यांचा स्पेन जात नाही, आणि लॅटिन अमेरिका म्हणजे त्यांच्यासाठी एकच मोठा नकाशा. जेवण झाल्यावर टेबलावरून न उठता तास-तासभर गप्पा मारायच्या, त्याला तिकडे ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. हे विद्यार्थी तो शब्द पाठ करतात, चाचणीत लिहितात, आणि हात वाळेपर्यंत ताटावर रंगलेल्या स्वतःच्या घरातल्या गप्पा त्यांना कधी आठवत नाहीत. पहिल्या वर्षीच दोन सवयी लावून घेतल्या तर हे टळतं.

एक म्हणजे वही. डाव्या बाजूला स्पॅनिश, उजव्या बाजूला मराठी. इंग्रजी अर्थ लिहायचाच नाही. शब्दकोश इंग्रजीचा वापरावा लागेल, हरकत नाही, पण वहीत येताना त्याचं मराठी होऊन यायला हवं. ते ठरवताना जी पाच मिनिटं जातात तोच अभ्यास. लातूरकडचा शब्द सुचला तर तोच लिही, पुस्तकी मराठी शोधत बसू नकोस.

दुसरी म्हणजे एक देश निवडायचा, वीस नव्हे. दोन वर्षं त्याच देशाचं वाचायचं, ऐकायचं, तिथल्या बाजारभावापासून कवितेपर्यंत. कुठला, हे मी सहसा मुलांवर सोडते. तुला मात्र सुचवते, अर्जेंटिना घे.

कारण तुझ्या घरी सोयाबीन आहे. सोयातेल आणि सोयापेंड निर्यात करणाऱ्या देशांत अर्जेंटिना अगदी वरचा आणि भारत जे सोयातेल बाहेरून घेतो त्यातलं बरंचसं तिथून येतं. लातूरच्या आडतीत तुझ्या वडिलांना क्विंटलमागे काय मिळतं, यात त्या तेलाचाही हात असतो. पराना नदीच्या काठी रोसारिओ नावाचं शहर आहे. त्याच्या आजूबाजूला सोयाबीन गाळणारे प्रचंड कारखाने आहेत आणि तिथली बोल्सा दे कोमेर्सिओ, म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार, 1884 पासून चालू आहे. तिचे पिकाचे आणि भावाचे अहवाल स्पॅनिशमध्ये निघतात. तिथले शेतकरी ‘रेतेन्सिओनेस’ या शब्दावर पेटून उठतात, म्हणजे निर्यातीवरचा कर. 2008 मध्ये सरकारने सोयाबीनवरचा हा कर वाढवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी कित्येक आठवडे महामार्ग अडवले. जुलैमध्ये सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि खुद्द सरकारच्या उपाध्यक्षाने आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. आपल्याकडे कांद्याच्या निर्यातशुल्काचं काय होतं ते तू अर्थशास्त्रात शिकतेच आहेस, नाशिककडची माणसं ते जगतात. दोन्ही शेजारी ठेवून वाच.

पहिल्या दिवशी अहवालातले दहा शब्द कळतील. ‘सोखा’ म्हणजे सोयाबीन, ‘आसेइते’ म्हणजे तेल, ‘कोसेचा’ म्हणजे सुगी, ‘युबिया’ म्हणजे पाऊस, ‘सेकिआ’ म्हणजे अवर्षण. ‘एल काम्पो’ म्हणजे शब्दशः शेत, पण तिथे त्या एका शब्दात सगळा शेतकरीवर्ग येतो. आठवड्यातून एकदा वडिलांना फोन करशील तेव्हा इकडचा भाव विचार आणि तिकडे पाऊस किती झाला ते त्यांना सांग. त्याने होणार काय, हे ते तेव्हाही विचारतील, पण पाठोपाठ तिकडचा भावही विचारतील.